मिनिटाला १०३

सबमिशनच्या आठवड्यात रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधून एक फेरी मारून बघा. कुठल्या खोलीतून विरहगीत ऐकू येतं का? नाव नको! फाइली अपुऱ्या, डोळे लाल, उद्या वायवा, आणि गाणं मात्र 'झिंगाट'. मेसमध्ये एक काकाश्री नेहमी म्हणतात, "यांना टेन्शन आहे की लग्न आहे?" प्रश्न रास्त आहे. धडधडणारं गाणं लावल्यावर मूड खरंच बदलतो, की आपण उगाच तसं धरून चालतो?

इंजिनिअर माणसाने असल्या प्रश्नाला एकच उत्तर द्यावं: मशीन उघडून बघा. म्हणून मी एकच गाणं उघडायला घेतलं. बी जीज या तीन भावांच्या बँडचं 'स्टेइंग अलाइव्ह', साल १९७७, सिनेमा 'सॅटर्डे नाइट फीव्हर'. आपल्या आई-बाबांच्या जन्माच्या आसपासचं गाणं, पण आजही गॅदरिंगला लावा, पहिल्या चार सेकंदांत मागच्या रांगेतले पायसुद्धा हलायला लागतात.

पहिली गंमत म्हणजे हे गाणं मायनर स्केलमध्ये आहे. शाळेत पियानोच्या तासाला आम्हाला शिकवलं होतं की मेजर म्हणजे आनंदी आणि मायनर म्हणजे दुःखी. इथे तो नियम साफ कोलमडतो. शब्दही फार आनंदाचे नाहीत. मोठ्या शहरात कसंबसं तगून राहणाऱ्या माणसाचं ते गाणं आहे. मग आनंद येतो कुठून? मुख्यतः ठोक्यातून.

त्या ठोक्याची जन्मकथा तर आपल्या वर्कशॉपमध्ये शोभेल अशी आहे. फ्रान्समधल्या एका जुन्या वाड्यात, शातो देरूव्हिल इथे, रेकॉर्डिंग चालू होतं. ड्रमर डेनिस ब्रायन यांना घरच्या तातडीच्या कारणासाठी जावं लागलं. आता ड्रम कोण वाजवणार? तेव्हा आजच्यासारखं लॅपटॉपवर दोन क्लिक मारून काम होत नसे. मग त्यांनी आधी रेकॉर्ड झालेल्या 'नाइट फीव्हर' गाण्यातला ड्रमचा दोन बारचा तुकडा घेतला, त्या टेपचं टोक टोकाला चिकटवलं आणि ते वेटोळं माइकच्या स्टँडवरून घेऊन मशीनवर गोल गोल फिरवलं. झाला लूप! अख्खं गाणं त्या तुकड्यावर उभं आहे. रेकॉर्डवर ड्रमर म्हणून नाव छापलं 'बर्नार्ड लूप'. असा माणूस अस्तित्वातच नव्हता, तरी नंतर लोक त्याची चौकशी करायचे म्हणे. जुगाड फक्त आपल्याकडेच होतो असं कोण म्हणतं?

आता आकडे. गाण्याचा वेग मिनिटाला साधारण १०३ ठोके, म्हणजे दर ०.५८ सेकंदाला एक. माणूस जरा झपझप चालतो तेव्हा मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं टाकतो. म्हणजे गाणं आपल्या चालीच्या वेगातच धावतं, आणि शरीराला आपली चाल त्याच्याशी जुळवून घेण्याची ओढ असते. बसल्या जागी पाय हलतो तो यामुळे. पण नुसता नियमित ठोका पुरत नाही, नाहीतर वॉटर कूलरच्या कॉम्प्रेसरवरही आपण नाचलो असतो! ठोक्याच्या थोडं आधी किंवा थोडं नंतर काहीतरी पडावं लागतं. याला सिंकोपेशन म्हणतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लोकांना वेगवेगळे ड्रमचे नमुने ऐकवले. अगदी सरळ नमुना कंटाळवाणा, फार गुंतागुंतीचा गोंधळवणारा, आणि मधला असेल तेव्हा नाचावंसं सर्वांत जास्त वाटलं. थोडक्यात, मेंदूला अंदाज बांधायला आवडतं, आणि तो अंदाज जरासा चुकलेलाही आवडतो.

अंदाजाचा हा खेळ मेंदूत दिसतोही. माँट्रियलच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली लोकांना त्यांची आवडती, अंगावर काटा आणणारी गाणी ऐकवून स्कॅन घेतले. आवडता क्षण आला तेव्हा डोपामिन स्रवलं, हे ठीक. पण तो क्षण *येणार* आहे याची वाट बघतानाही, मेंदूच्या वेगळ्या भागात, ते स्रवत होतं. म्हणून तर शंभरदा ऐकलेल्या गाण्यात कोरस यायच्या आधीच आपण खुर्चीवरून अर्धे उठलेले असतो.

मग लावलं गाणं आणि झाला मूड फ्रेश, इतकं सोपं आहे का? नाही. २०१३ साली मिसुरी विद्यापीठातल्या एका प्रयोगात काहींना उत्साही संगीत ऐकता ऐकता आपला मूड सुधारायचा प्रयत्न करायला सांगितलं, काहींना नुसतं ऐकायला. प्रयत्न करणाऱ्यांचा मूड जास्त सुधारला. (संगीत पॉप नव्हतं, ऑर्केस्ट्रा होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.) आपल्या भाषेत, बॅकग्राउंडला डीजे लावून फोनवर निकालाची पीडीएफ रिफ्रेश करत बसलात तर गाण्याचा दोष नाही. शिवाय ज्याचं मन आठवडेच्या आठवडे खचलेलं आहे, जेवण-झोप उडाली आहे, त्याच्या दारात स्पीकर नेऊन ठेवू नका. त्याच्याशी बोला, त्याला काउन्सेलरकडे घेऊन जा. गाणं हे औषध नाही.

एका बाबतीत मात्र हे गाणं अक्षरशः जीव वाचवायच्या कामी येतं. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायचा, म्हणजे सीपीआरचा, वेग मिनिटाला १०० ते १२० हवा. घाबरलेल्या माणसाला हा वेग आठवायचा कसा? डोक्यात 'स्टेइंग अलाइव्ह' लावून! इलिनॉय विद्यापीठाच्या पिओरिया इथल्या मेडिकल कॉलेजात २००८ साली १५ डॉक्टर आणि विद्यार्थ्यांवर हा प्रयोग झाला. गाणं ऐकत दाबताना सरासरी वेग १०९ आला. पाच आठवड्यांनी, गाणं न वाजवता, नुसतं मनात आठवून, ११३! दोन्ही वेळा बरोब्बर हद्दीत.

जिममध्ये किंवा ग्राउंडवर कोणी कोसळला, हाक मारून हलत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर आधी एकाला १०८ वर फोन करायला लावा. मग छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून, दुसरा हात वर, कोपरं ताठ, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. अँब्युलन्स येईपर्यंत थांबू नका. दमलात तर दुसऱ्याने लगेच हात घालायचा, म्हणून हे विंगमधल्या किमान चार जणांना यायला हवं. वाचून नाही, डमीवर करून. एनएसएसच्या पुढच्या कॅम्पमध्ये एक तास यासाठी काढता येईल का, असं मी युनिटला विचारलं आहे.

जाता जाता: क्वीन बँडचं १९८० चं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' मिनिटाला ११० च्या आसपास आहे, म्हणजे तेही वेगात एकदम फिट. फक्त पेशंटच्या शेजारी बसून मोठ्याने म्हणू नका. नातेवाइकांना इंग्रजी येत असेल!