शेवंडीच्या अंड्यांचे पहारेकरी

नाटे बंदरात होड्या लागल्या की जाळ्यात कधी कधी शेवंड दिसते. कोळंबीच्या, म्हणजे उर्दूतील झिंग्याच्या, नात्यातला हा प्राणी. एखादी मादी उलटी करून पाहा. तिच्या शेपटीखाली नारिंगी दाण्यांचे घोस चिकटलेले असतात. ती तिची अंडी होत. एका मादीजवळ लाखांवर अंडी असू शकतात.

शेवंड खडकांच्या व प्रवाळांच्या कपारीत राहते. असे प्रवाळ आपल्या दक्षिणेला मालवणच्या समुद्रात आहेत. समुद्राच्या पाण्यात बुरशीही असते. बुरशी चढली की अंडी मरतात. मादी तर कित्येक दिवस अंडी अंगावर वागवते. मग ती टिकतात कशी?

१९८९ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एका जातीच्या कोळंबीची अंडी तपासली. त्यांच्यावर जीवाणू आढळले. जीवाणू म्हणजे उर्दूतील जरासीम. शास्त्रज्ञांनी काही अंड्यांवरचे जीवाणू औषधाने नष्ट केले व ती अंडी बुरशीच्या पाण्यात ठेवली. ती लवकरच मेली. ज्या अंड्यांवर जीवाणू पुन्हा सोडले, ती मात्र चांगली टिकली. हे जीवाणू आयसॅटिन नावाचे द्रव्य तयार करतात. त्यामुळे बुरशीची वाढ थांबते. पुढे तेथील नांगीवाल्या मोठ्या शेवंडीच्या अंड्यांवरही असेच रक्षक जीवाणू सापडले.

या पहाऱ्याच्या बदल्यात जीवाणूंना राहायला जागा मिळते. मादी पोटाखालचे पाय हलवून अंड्यांना सतत ताजे पाणी देते, तेही त्यांना मिळते. दोघांचाही फायदा होतो. अशा सोबतीला सहजीवन म्हणतात.

जीवाणू बुरशीला अडवतात, पण जाळ्याला अडवू शकत नाहीत. मुंबईच्या समुद्रात पूर्वी चपटी शेवंड भरपूर मिळत असे. ट्रॉलरच्या जाळ्यांत अंडीवाल्या माद्याही मोठ्या संख्येने पकडल्या गेल्या आणि १९९४ च्या सुमारास ती तेथून जवळजवळ नाहीशी झाली.

शेवंडीला चांगला भाव मिळतो. म्हणून हाती आलेली मादी सोडणे सोपे नाही. तरीही जिवंत अंडीवाली मादी परत पाण्यात सोडली, तर तिची लाखभर अंडी आणि त्यांचे पहारेकरीही समुद्रात परत जातात. घरी अब्बांना, चाचांना ही गोष्ट जरूर सांगा.