दोन केमोंच्या मधले दिवस

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. आज महाराष्ट्रात कुणाला कॅन्सर निघाला की ‘टाटाला दाखवलं का?’ हा प्रश्न आधी येतो, आणि तो योग्यच आहे. पण चिठ्ठी देऊन रुग्णाला मुंबईला पाठवले की फॅमिली डॉक्टरचे काम संपले, असे डॉक्टर, रुग्ण आणि नातेवाईक तिघेही धरून चालतात. ही समजूत घातक आहे. केमोथेरपी अनेकदा दर २१ दिवसांनी दिली जाते. औषध चढवायला काही तास, फार तर दोन-तीन दिवस लागतात. बाकीचे दिवस रुग्ण घरी असतो, नाहीतर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी. उलट्या, जुलाब, तोंडातले फोड आणि ताप त्याच दिवसांत गाठतात.

यातला ताप सर्वांत धोक्याचा. बऱ्याच औषधांनंतर दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पांढऱ्या पेशी अगदी खाली जातात. तेव्हा १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर शक्यतो तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावे लागते. एरवी तापाला पॅरासिटामॉल देऊन दोन दिवस वाट पाहिलेली चालते. इथे ते जिवावर बेतू शकते. अशा रात्री परळ लांब असते आणि कोपऱ्यावरचा दवाखाना जवळ. तिथल्या डॉक्टरने धोका ओळखून जवळच्या रुग्णालयात लगेच दाखल केले, तर रुग्ण वाचू शकतो. केमोसोबतच्या स्टेरॉइडने साखर चढते, प्लेटलेट कमी असताना नेहमीची अंगदुखीची गोळी रक्तस्राव घडवू शकते. हेही वेळेवर त्या डॉक्टरलाच दिसेल, कारण रुग्णाचा मधुमेह आणि रक्तदाब तो वर्षानुवर्षे सांभाळत आला आहे.

यावर आक्षेप येतो, की एवढे ज्ञान साध्या डॉक्टरकडे कुठून असणार? कॅनडात स्तनांच्या कॅन्सरचे उपचार पूर्ण झालेल्या ९६८ स्त्रियांवर अभ्यास झाला. निम्म्यांची पुढची तपासणी फॅमिली डॉक्टरकडे सोपवली, निम्म्यांची कॅन्सर केंद्राकडेच ठेवली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गंभीर गुंतागुंतींच्या प्रमाणात दोन्हींत फरक आढळला नाही. मात्र तिथल्या डॉक्टरांना एक पानाची मार्गदर्शिका दिलेली होती, आणि मला तेच कळीचे वाटते. आपल्याकडची व्यवस्था वेगळी आहे, अनेक फॅमिली डॉक्टर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर आहेत, हे खरे. पण केमोचा डोस त्यांनी ठरवावा असे कुणीच म्हणत नाही. धोक्याची खूण ओळखणे, योग्य ठिकाणी फोन करणे आणि धीर देणे हे त्यांना नक्की जमेल, फक्त मोठ्या रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डावर त्यांच्यासाठी चार ओळी लिहायला हव्यात. आज रुग्णालयात खोळंबलेली गर्दी पाहता त्या राहून जातात, पण वेळ नाही हे कारण मला पटत नाही. त्या चार ओळींनी कितीतरी रुग्णांची अवेळी धावपळ टळेल.

वेदनेच्या बाबतीत ही गरज आणखी तीव्र आहे. मॉर्फिनवरच्या जाचक परवाना-अटी २०१४ च्या कायदादुरुस्तीने सैल केल्या, तरी व्यसन लागेल या भीतीने घरचेच गोळी चुकवतात. वेदना उठण्याची वाट न पाहता ती ठरल्या वेळी द्यायची, सोबत बद्धकोष्ठाचे औषध द्यायचे, हे ओळखीच्या डॉक्टरने घरी बसून समजावले तर पटते.

तुमच्या घरात कुणाचे उपचार चालू असतील, तर फाइलची एक झेरॉक्स आजच तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे नेऊन द्या, आणि रात्री ताप आला तर कुठे जायचे हे त्यांच्याशी बोलून आधीच ठरवून ठेवा.