दहा डोसांची कुपी

कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस असत. सुई घालून पहिला डोस काढला की उरलेले नऊ चार तासांत कुणाच्या तरी दंडात जायला हवेत, नाहीतर टाकून द्यावे लागत. शहरातल्या मोठ्या केंद्रावर याची चिंता नव्हती. दाराशी रांग असायचीच. गावातल्या उपकेंद्रात मात्र सिस्टरपुढे रोज हाच हिशोब. सात जण येऊन बसलेत. कुपी उघडायची की थांबायचं? मग गावातल्या आशा सेविकेला, आशाताईंना फोन जायचा. आशाताई वस्तीवर, ज्यांना लस द्यायची ते रानात, कुणी ‘बघू उद्या’ म्हणून कटवणारा. आणखी तिघं मिळाले की दहाचा मेळ बसे. १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेल्या मोहिमेने १७ जुलै २०२२ ला २०० कोटी डोसांचा टप्पा गाठला, तो असा माणूस-माणूस गोळा करत. अ‍ॅप, आकडेफलक आणि जाहिरातींच्या गर्दीत हे काम दिसलं नाही. माझ्या मते मोहिमेचं खरं बळ तिथेच होतं.

मे २०२१ च्या सुरुवातीला केरळने आपला हिशोब मांडला: केंद्राकडून मिळालेले डोस ७३,३८,८०६ आणि दिलेले डोस ७४,२६,१६४. थोडीफार लस वाया जाणार हे जमेस धरून कुपीत ठरल्या मापाहून किंचित जास्त भरलेली असते. तिथल्या परिचारिकांनी ती वाया जाऊ दिली नाही, त्यातून अकरावा डोस काढला. हे कसब एका रात्रीत येत नाही. १९८५ पासून देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम चालू आहे. दोन ते आठ अंश तापमान राखणारी शीतपेट्यांची साखळी, लस घेऊन पाड्यापर्यंत जाणारी एएनएम परिचारिका, घराघरांतल्या बाळांची नोंद ठेवणारी वही, हे सगळं त्यातून उभं राहिलं. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला, तो याच यंत्रणेच्या चिकाटीमुळे. बरोबर दहा वर्षांनी हीच माणसं कोविडच्या लसीसाठी उभी राहिली. फक्त यावेळी दंड बाळाचा नव्हता, मोठ्या माणसाचा होता, आणि मोठी माणसं प्रश्न विचारतात.

लसींचा उगम बराचसा आपल्या पुण्याचा. कोविशिल्डचा शोध ऑक्सफर्डचा, पण ती बनली सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे सीरमच्या मांजरीतल्या आवारातून पहिले ट्रक निघाले, तेव्हा नारळ वाढवून त्यांची पूजा झाली होती. नऊच दिवसांनी तिथल्याच बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीला आग लागली आणि पाच कामगार गेले. त्यांचं स्मरण या कहाणीत राहिलं पाहिजे. कोव्हॅक्सिन हैदराबादच्या भारत बायोटेकची. तिच्यासाठी लागणारा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केला होता.

बिघडलं ते दुसऱ्या लाटेत. बालकांच्या लसी केंद्राने विकत घ्यायच्या आणि राज्यांना फुकट पुरवायच्या, हा दशकांचा शिरस्ता. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटासाठी तो मोडला. निम्म्या उत्पादनाची खरेदी राज्यांवर आणि खासगी रुग्णालयांवर सोपवली. केंद्राला १५० रुपयांत मिळणारा कोविशिल्डचा डोस राज्यांना आधी ४०० आणि मग ३०० रुपयांना, खासगी रुग्णालयांना ६०० रुपयांना. अर्थसंकल्पात लसीसाठी ३५,००० कोटींची तरतूद असताना राज्यं एकमेकांशी स्पर्धा करत बाजारात उतरली. मुंबई महापालिकेने एक कोटी डोसांसाठी जागतिक निविदा काढली आणि अखेर ती रद्द करावी लागली. महाराष्ट्रात ४५ वर्षांवरच्या लोकांचा दुसरा डोस अडकला म्हणून तरुणांचं लसीकरणच मेच्या मध्यावर थांबवलं गेलं.

त्यात कोविन पोर्टलवरच्या नोंदणीची सक्ती. तरुणांना नोंदणीशिवाय लस नाही, नोंदणीसाठी स्मार्टफोन हवा, ओटीपी हवा, आणि स्लॉट उघडल्या क्षणी बोट चालायला हवं. शहरातली मुलं स्लॉटची खबर देणाऱ्या बॉटच्या मदतीने तालुक्याची केंद्रं पकडत आणि गाडी काढून तिथे पोचत. शेजारच्या वस्तीतला माणूस मात्र केंद्राबाहेर बसून राही. त्या मुलांना दोष देता येत नाही, जीव त्यांनाही प्यारा होता. दोष रचनेचा. जी यंत्रणा माणसाच्या दारी जायला शिकली होती, ती आपण माणसानेच शोधत यावं अशी करून ठेवली. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठाने १८ ते ४४ वयोगटासाठीचं हे खरेदीचं धोरण सकृद्दर्शनी मनमानी आणि अतार्किक ठरवलं. २१ जूनपासून केंद्राने ७५ टक्के खरेदी पुन्हा आपल्याकडे घेतली. त्या एका दिवसात ८० लाखांहून अधिक डोस दिले गेले.

पुरवठा आला, तसा नकार दिसू लागला. लस घेतली की दोन वर्षांत मरण, मूलबाळ होत नाही, अशा अफवा सगळीकडे होत्या. पण शंका फक्त पाड्यांवर नव्हती. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष हाती येण्याआधीच कोव्हॅक्सिनला परवानगी मिळाली, तेव्हा दिल्लीतल्या डॉक्टरांनीही कुरकुर केली होती. हातावर पोट असलेल्याची अडचण आणखी साधी: लस घेतल्यावर दोन दिवस ताप, म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. नंदुरबारमध्ये नर्मदाकाठच्या पाड्यांवर लस होडीतून नेली, लोकांशी त्यांच्याच बोलीत बोलून मन वळवलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबादच्या प्रशासनाने दुसरा मार्ग धरला: एकही डोस नसेल तर रेशन नाही, पेट्रोल नाही. त्याने केंद्रांवर गर्दी झाली असेल, पण भुकेच्या आधाराने घेतलेला होकार मला मान्य नाही. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही असं सांगितलं. लसीचं धोरण अवाजवी नाही, हेही त्याच निकालात आहे, आणि दुष्परिणामांची माहिती जनतेपुढे ठेवा, हेही.

या सगळ्याने साधलं काय? ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मधल्या २०२२ च्या अभ्यासानुसार पहिल्या वर्षभरात लसींनी भारतात सुमारे ४२ लाख मृत्यू टाळले. हा गणिती प्रतिरूपावरचा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. तरी त्याचा आवाका लहान नाही.

किंमतही मोजली गेली. कोविडच्या काळात बालकांचं नेहमीचं लसीकरण मागे पडलं. २०२२ च्या हिवाळ्याआधी मुंबईत गोवंडीच्या दाट वस्त्यांत गोवर पसरला, मुलं दगावली, आणि डोस चुकलेल्या बालकांचा शोध घरोघर सुरू झाला. शोधणाऱ्या बाया त्याच, आशा होत्या. जून २०२१ मध्ये, लस द्यायची घाई ऐन भरात असताना, महाराष्ट्रातल्या आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला होता. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा सन्मान केला. सरकारदरबारी त्यांची नोंद आजही ‘स्वयंसेविका’ अशीच आहे, आणि त्यांना मिळतो तो पगार नसून मोबदला.