आभासी चाचणी-जाळ्याची आखणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एकाच संगणकावर अनेक आभासी संगणक चालवण्याची सोय असल्यामुळे, सांगोल्यातील फॅबटेकसारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही सर्व्हर, राउटर आणि साधे संगणक यांचे पूर्ण जाळे आपल्या लॅपटॉपवर उभारता येते. मात्र जाळे आभासी असल्याने ते खऱ्या जाळ्यापासून आपोआप अलग राहते, ही सर्रास आढळणारी समजूत चुकीची आहे. अलगपणा जोडणीच्या प्रकारावर अवलंबून असतो. ‘ब्रिज्ड’ जोडणीत आभासी संगणक प्रयोगशाळेच्या खऱ्या जाळ्यातच दाखल होतो, आणि अशा संगणकावर डीएचसीपी, म्हणजे इतरांना आपोआप पत्ते वाटणारी सेवा, चालू केली तर शेजारच्या खऱ्या संगणकांनाही तिच्याकडून चुकीचे पत्ते मिळून त्यांचे इंटरनेट बंद पडू शकते.

‘नॅट’ जोडणी, म्हणजे यजमान संगणकाच्या (ज्यावर आभासी संगणक चालतात त्या खऱ्या संगणकाच्या) पत्त्याआडून बाहेर जाण्याची व्यवस्था, पूर्ण सुरक्षित असते, हा दुसरा गैरसमज अधिक घातक आहे, कारण तीत बाहेरून आत येणे अडते, पण आतून बाहेर जाणे अडत नाही. शिवाय व्हर्च्युअलबॉक्स या आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साध्या नॅटवर ठेवलेल्या प्रत्येक आभासी संगणकाला सहसा १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो आणि ते एकमेकांना दिसत नाहीत. त्यामुळे सर्व्हर आणि संगणक यांचा संवाद तपासायचा असल्यास ‘इंटर्नल नेटवर्क’ हा प्रकार निवडता येतो, ज्यात यजमान संगणकही सहभागी नसतो. संशयास्पद सॉफ्टवेअरच्या चाचणीलाही हाच प्रकार योग्य ठरतो.

पत्ते कोणतेही चालतात, हेही खरे नाही. फेब्रुवारी १९९६ मधील आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने खासगी वापरासाठी १०.०.०.० ते १०.२५५.२५५.२५५, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ आणि १९२.१६८.०.० ते १९२.१६८.२५५.२५५ असे तीन पट्टे राखून ठेवले. घरगुती राउटर बहुधा १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० हे उपजाळे वापरतात. यजमानाशी जोडलेल्या आभासी जाळ्यालाही तेच दिले, तर एखादा पत्ता कोणत्या बाजूला आहे हे यजमान संगणकाला ठरवता येत नाही. त्याऐवजी १०.५७.२०.० सारखे, २४ बिटांच्या मास्कचे उपजाळे घेतल्यास २५४ वापरण्याजोगे पत्ते मिळतात आणि टक्कर होण्याची शक्यताही कमी होते. प्रत्येक आभासी संगणकाचे नाव, पत्ता, गेटवे आणि जोडणीचा प्रकार यांचा तक्ता पहिला संगणक उभारण्यापूर्वीच विद्यार्थ्यांनी कागदावर मांडावा.