माफीच्या फायलीवर निर्णय कुणाचा?

11 मार्च 1960. मुंबई उच्च न्यायालयाने नौदलाचे कमांडर कावस माणेकशा नानावटी यांना प्रेम आहुजा यांच्या खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. आदल्या वर्षी ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले होते. उच्च न्यायालयाच्या निकालाची शाई वाळायच्या आत, त्याच दिवशी, राज्यपाल श्रीप्रकाश यांचा आदेश निघाला: सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित, आणि तोवर नानावटी नौदलाच्याच कोठडीत.

सप्टेंबर 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे चालणार नाही असे बजावले. अपील आमच्यापुढे असताना शिक्षा थांबवायची की नाही हे आम्ही ठरवू, असा त्या निकालाचा अर्थ. 1961 मध्ये जन्मठेप कायम झाली. तरीही 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिलीच. त्याच सुमारास आयात परवान्याच्या प्रकरणात शिक्षा झालेले सिंधी समाजाचे पुढारी भाई प्रताप हेही माफी मिळून सुटले. पारशी आणि सिंधी अशा दोन्ही समाजांची समजूत काढण्यासाठी हा मेळ घातला गेला, असे तेव्हापासून बोलले जाते.

या प्रकरणाने मराठी माणसाच्या मनात एक समज पक्का बसवला: माफी ही राजभवनातल्या व्यक्तीची मर्जी. वस्तुस्थिती वेगळी आहे. राज्यघटनेचे कलम 72 राष्ट्रपतींना आणि कलम 161 राज्यपालांना शिक्षा माफ करण्याचा, थांबवण्याचा, कमी करण्याचा किंवा सौम्य करण्याचा अधिकार देते. पण 1980 च्या मारू राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरायचा असतो. सही राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची, निर्णय मात्र निवडून आलेल्या सरकारचा. लोक जाब विचारायला राजभवनाकडे पाहतात. तो विचारायला हवा मंत्रालयात.

राज्यपालांनी सल्ला अडवून ठेवला तर काय होते, तेही देशाने पाहिले आहे. राजीव गांधी हत्या प्रकरणातील पेरारिवलन याच्या सुटकेची शिफारस तामिळनाडू मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2018 मध्ये केली होती. राजभवनाने वर्षानुवर्षे निर्णय घेतला नाही. अखेर 18 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला विशेषाधिकार वापरून त्याला सोडले.

अमेरिकेतल्या बातम्या वाचून आणखी एक घोटाळा होतो. तिथे अध्यक्ष खटला उभा राहण्याआधीही माफी देऊ शकतो. जेराल्ड फोर्ड यांनी 1974 मध्ये रिचर्ड निक्सन यांना तशीच दिली. भारतात कलम 72 आणि 161 या दोन्हींची भाषा ‘दोषी ठरलेल्या व्यक्ती’ची आहे. खटला चालू असलेल्या पुढाऱ्याला राज्यपाल वाचवतील, या चौकातल्या चर्चेला घटनेत आधार नाही.

माफीला न्यायालयात हात लावता येत नाही, असेही ठामपणे सांगितले जाते. या समजाला छेद देणाऱ्या प्रकरणाचा धागा सोलापूरपर्यंत येतो. 2005 मध्ये सुशीलकुमार शिंदे आंध्र प्रदेशचे राज्यपाल असताना खुनाच्या प्रकरणात दहा वर्षांची शिक्षा झालेल्या एका काँग्रेस कार्यकर्त्याची उरलेली शिक्षा माफ झाली. कागदपत्रे न्यायालयापुढे आली तेव्हा एका सरकारी अहवालात तो काँग्रेसचा चांगला कार्यकर्ता असल्याचा उल्लेखच सापडला. 2006 मध्ये, एपुरु सुधाकर खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली. जात, धर्म किंवा पक्षनिष्ठा पाहून माफी देता येणार नाही, असे न्यायालयाने निक्षून सांगितले. न्यायालय दयेचा निर्णय स्वतः घेत नाही, पण तो कशाच्या आधारावर घेतला हे तपासू शकते. हा फरक लहान वाटतो, पण पीडितांच्या घरच्यांना दाद मागायला एवढीच जागा उरते.

फाशीच्या कैद्यांबाबतचा समज तर फारच रुजलेला आहे: दयेचा अर्ज म्हणजे वेळ काढायची युक्ती. कोल्हापूरच्या गावित बहिणींचे प्रकरण जवळून पाहावे. लहान मुलांची अपहरणे आणि खून, गुन्हा ऐकवत नाही असा. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, राष्ट्रपतींनी 2014 मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. म्हणजे मधली कितीतरी वर्षे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या दिरंगाईवरच बोट ठेवून फाशीची जन्मठेप केली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या शत्रुघ्न चौहान निकालाने हे तत्त्व आधीच घालून दिले होते: सरकारने विनाकारण लावलेला विलंब फाशी सौम्य करण्याचे कारण ठरू शकतो. त्या मुलांच्या आईबापांना जे वाटले असेल, त्याचा जाब अर्ज करणाऱ्यांपेक्षा फाइल दाबून बसलेल्यांकडेच मागायला हवा.

माफी मिळाली म्हणजे माणूस निर्दोष, हेही खरे नाही. केहर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की राष्ट्रपती पुरावा नव्याने पाहू शकतात, पण त्यांच्या निर्णयाने न्यायालयाचा निकाल बदलत नाही.

आणि प्रत्येक सुटका माफी नसते. संजय दत्त फेब्रुवारी 2016 मध्ये येरवड्यातून बाहेर आला तो तुरुंगाच्या नियमांप्रमाणे शिक्षेत मिळालेल्या सवलतीमुळे. राजभवनाची माफी त्याला मिळालेली नव्हती. अशी सूट किंवा शिक्षेतली कपात सरकार फौजदारी प्रक्रिया कायद्याखालीही देते, आणि तिथेही गफलत होते. 2002 च्या गुजरात दंगलीतील सामूहिक बलात्कार आणि हत्यांबद्दल जन्मठेप भोगणाऱ्या अकरा जणांना गुजरात सरकारने 15 ऑगस्ट 2022 रोजी सोडले. तुरुंगाबाहेर त्यांचे हारतुरे घालून स्वागत झाले. पण खटला चालला होता मुंबईत, शिक्षाही मुंबईतल्या न्यायालयाने दिली होती. म्हणून निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा, गुजरातचा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2024 रोजी ठरवले आणि त्यांना तुरुंगात परतायला दोन आठवड्यांची मुदत दिली. 21 जानेवारीच्या रात्री ते अकराही जण गोध्रा उपकारागृहात परत हजर झाले.