एल्वा नदीचे धरण आणि क्लॅलमांचा करार

अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. (राजधानीचे वॉशिंग्टन शहर ते वेगळे.) या राज्यातील ऑलिंपिक पर्वतात उगम पावणारी एल्वा नदी उत्तरेकडे वाहत जाते आणि अवघ्या 72 किलोमीटरांच्या प्रवासानंतर हुआन द फूका सामुद्रधुनीला मिळते. आपल्या कोकणातल्या नद्यांसारखीच ही आखूड आणि वेगवान नदी. तिच्यावर दोन धरणे होती. 2011 ते 2014 या काळात ती दोन्ही पाडण्यात आली. त्यांतले वरचे धरण 64 मीटर उंच होते. एवढे उंच धरण तोवर कोणी मुद्दाम पाडलेले नव्हते.

वर्तमानपत्रांतून ही हकिकत निसर्गप्रेमाची गोष्ट म्हणून छापून आली. नदी मोकळी झाली, मासे परतले, जंगल वाढले. हे सारे खरे आहे आणि त्याविषयी पुढे लिहायचेच आहे. पण ही धरणे पडली त्यामागे 1855 सालचा एक करार होता आणि तो करार पिढ्यान्‌पिढ्या विसरायला नकार देणारी माणसे होती. त्या माणसांचा उल्लेख अशा लेखांत बहुधा शेवटच्या परिच्छेदात येतो. तो इथे आधी केला पाहिजे.

ही माणसे म्हणजे क्लॅलम जमात. आपली पाठ्यपुस्तके ज्यांना सरसकट ‘रेड इंडियन’ म्हणत आली त्यांपैकी एक. नदीच्या मुखाशी आणि सामुद्रधुनीच्या किनाऱ्यावर त्यांची गावे होती. त्यांचे अन्न, व्यापार, सण, कथा हे सारे सॅमन माशाभोवती गुंफलेले होते. 26 जानेवारी 1855 रोजी गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स याने या जमातींकडून करारावर खुणा करून घेतल्या. त्या कराराने त्यांची जवळजवळ सगळी जमीन सरकारजमा झाली. बदल्यात एक कलम मिळाले : आपल्या नेहमीच्या, परंपरेच्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क त्यांच्याकडेच राहील. वास्तविक हा हक्क सरकारने ‘दिलेला’ नव्हता. तो त्यांचा होताच. जमीन देताना त्यांनी तो राखून ठेवला होता. हा फरक बारीक दिसतो, पण पुढे सव्वाशे वर्षांनी न्यायालयात सारे त्यावरच उभे राहिले.

आता धरणाकडे वळू. टॉमस ऑल्डवेल नावाच्या एका उद्योजकाने नदीकाठच्या जमिनी हळूहळू खरेदी केल्या आणि 1910 साली मुखापासून सुमारे 8 किलोमीटरांवर बांधकाम सुरू केले. हेतू एकच, वीज. ना शेतीला पाणी, ना गावाला. पोर्ट एंजेलिस या वसाहतीच्या कारखान्यांना, पुढे कागदाच्या लगद्याच्या गिरण्यांना वीज विकायची. धरणाचा पाया खडकापर्यंत नेलाच नाही. तो गोट्यांच्या थरावर टेकवला. 1912 च्या ऑक्टोबरअखेर पाणी तुंबताच ते पायाखालून फुटले आणि लोंढा खालच्या खोऱ्यात घुसला. त्या रात्री झाडांच्या फांद्यांत मासे अडकले होते, अशी आठवण क्लॅलम घराघरांतून सांगितली जाते. भगदाड दगड, झाडांचे ओंडके आणि काँक्रीट टाकून बुजवण्यात आले आणि 1913 साली 33 मीटर उंचीचे ते धरण पुरे झाले. खाली राहणाऱ्या माणसांनी मग त्या बुजवलेल्या भगदाडाच्या पायथ्याशी शंभर वर्षे काढली. 1927 साली वरच्या अंगाला ग्लाइन्स कॅन्यनमध्ये दुसरे धरण उभे राहिले.

इथे एक गोष्ट ठळकपणे नोंदवली पाहिजे. ज्या नदीत मासे वर चढतात तिच्यावर धरण बांधायचे तर माशांना वाट ठेवलीच पाहिजे, असा त्या राज्याचा कायदा 1890 पासून होता. एल्वावर ती वाट ठेवली गेली नाही. मत्स्य खात्याच्या प्रमुखाने यावर तोड काढली : धरणालगत मत्स्यबीज केंद्र काढावे, म्हणजे धरण हा त्या केंद्रासाठी घातलेला बांध समजता येईल! केंद्र निघाले, चालले नाही आणि 1922 साली बंद पडले. धरण मात्र राहिले. कायदा पुस्तकात आणि पाणी धन्याच्या ताब्यात, हे दृश्य आपल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. गिरणीमालकासाठी कायद्याला वळण देणाऱ्या त्याच राज्याने पुढे आपल्या करारी ठिकाणी मासे धरणाऱ्या मूलनिवासींना चोर ठरवून तुरुंगात टाकले. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक हे 1945 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, प्रथम पकडले गेले आणि नंतर पन्नासहून अधिक वेळा.

धरणाने नदीचे नेमके काय होते? सॅमनची जीवनकहाणी ठाऊक असल्याशिवाय हे कळणार नाही. (आपल्या रावसाला बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, तो मासा निराळा.) हा मासा नदीच्या थंड पाण्यात, बारीक गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. पिल्ले समुद्रात उतरतात, तिथे वाढतात आणि काही वर्षांनी पुन्हा बहुधा त्याच नदीत, प्रवाहाविरुद्ध चढून येतात. पॅसिफिक सॅमनच्या बहुतेक जाती अंडी घालून मरतात. त्यांची कलेवरे अस्वले, पक्षी, किडे खातात. उरलेले कुजून काठाच्या मातीत जाते. समुद्रातले नत्र अशा रीतीने डोंगरावरच्या झाडाच्या मुळाशी पोचते. म्हणजे पाणी डोंगरातून समुद्राकडे येते आणि अन्न समुद्रातून डोंगराकडे जाते. एल्वाचे धरण या दोन्ही वाटांवर आडवे पडले. सुमारे 110 किलोमीटरांहून अधिक लांबीचे प्रवाह माशांना बंद झाले; उरला तो धरणाखालचा 8 किलोमीटरांचा तुकडा. वर्षाला सुमारे 4 लाख मासे येत असत असा अंदाज आहे. ते काही हजारांवर आले.

आणि तो उरलेला तुकडाही बिघडत गेला. नदी पाण्याबरोबर वाळू, गोटे, वाहून आलेली लाकडे आणत असते. ते सारे जलाशयात अडकले. खाली नुसते पाणी येऊ लागले. त्याने तळाचे बारीक गोटे धुऊन नेले, मोठे धोंडे तेवढे उरले. त्यांत मासा अंडी कुठे घालणार? जलाशयात तापलेले पाणी उन्हाळ्यात माशांना सोसेना. मुखाशी नवी वाळू येईनाशी झाली तशी समुद्राने किनारा खायला सुरुवात केली, शिंपले-तिसऱ्यांच्या जागा गेल्या. हा किनारा क्लॅलमांच्याच वाट्याची जमीन होती. आधी करारात जमीन गेली, मग धरणात मासे गेले आणि मग उरलेली जमीन समुद्रात जाऊ लागली.

चित्र पालटायला सुरुवात झाली ती 1974 साली. न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की करारातल्या त्या कलमाचा अर्थ, धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा जमातींचा. राज्याचे महाधिवक्ता स्लेड गॉर्टन यांनी हा निकाल सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला. 1979 साली तो मुख्यतः कायम झाला. आता निम्मा हक्क आहे, पण नदीत मासाच नाही, तर हक्क कशाचा? हा प्रश्न क्लॅलमांनी विचारला. वरच्या धरणाची 50 वर्षांची सनद 1976 साली संपलेली होती, खालच्या धरणाला तर संघराज्याची सनद कधी नव्हतीच. 1986 साली क्लॅलमांनी परवान्याच्या कामात औपचारिक हस्तक्षेप केला. पर्यावरणवादी संघटनाही उतरल्या. भोवतालच्या डोंगरावर 1938 पासून राष्ट्रीय उद्यान होते आणि वरचे धरण त्याच्या हद्दीत आलेले होते. सगळ्या बाजूंनी खटल्यांची चिन्हे दिसू लागली, तेव्हा 1992 साली अमेरिकन काँग्रेसने नदीच्या पुनरुज्जीवनाचा कायदा केला. तरी पैसा मिळेना. निधी वाटणाऱ्या उपसमितीच्या अध्यक्षपदी आता सिनेटर म्हणून तेच गॉर्टन होते. धरणे विकत घेण्याला 2000 साल उजाडले, तोडायला 2011.

धरण पाडणे म्हणजे सुरुंग लावून उडवणे नव्हे. दोन्ही जलाशयांत मिळून सुमारे 2 कोटी घनमीटर गाळ होता. तो एकदम सुटला असता तर खालची सगळी नदी गाडली गेली असती. म्हणून खालच्या धरणाशी प्रवाह एका बाजूने वळवून दुसरी बाजू कोरायची, मग उलट, असे करीत जलाशय उतरवला. वरच्या धरणावर तराफ्यावरून यंत्रहातोड्याने वरून थर फोडत खाली आले. मासे चढायच्या हंगामात काम थांबवायचे. गाळ वाहून नेण्याचे काम नदीवरच सोपवले होते आणि तिने ते अपेक्षेपेक्षा जोराने केले. त्यासाठी बांधलेल्या पाणीयंत्रणेच्या जाळ्या गाळ-पाल्याने तुंबल्या, तेव्हा सुमारे वर्षभर तोडकाम थांबवावे लागले. शेवटचा सुरुंग 26 ऑगस्ट 2014 रोजी उडाला. एकूण प्रकल्पाचा खर्च सुमारे 32 कोटी 50 लाख डॉलर. धरणाच्या मालकांनी वर्षानुवर्षे विजेतून नफा नेला. पाडण्याचा खर्च करदात्यांवर आला, हेही ध्यानात असू द्यावे.

मासे किती दिवसांत परतले? 2012 सालीच, खालचे धरण गेले त्या वर्षी, ते त्याच्या वर दिसले. धरणांमागे शंभर वर्षे कोंडलेल्या ट्राउट माशांनी समुद्राची वाट विसरलेली नव्हती. वाट मिळताच त्यांची संतती समुद्रात उतरून मोठी होऊन परतू लागली. मुखाशी नवी वाळू साचून किनारा पुढे सरकला. उघड्या पडलेल्या तळावर स्थानिक झाडांची लाखो रोपे लावली.

जलाशय उतरल्यावर आणखी एक गोष्ट वर आली. क्लॅलमांच्या कथेप्रमाणे निर्मिकाने पहिली माणसे घडवली ती एल्वाकाठच्या एका खडकाजवळ. त्या खडकात टोपल्यांसारखे खळगे आहेत. म्हातारी माणसे सांगत, तरुणांना ती दंतकथा वाटे, कारण जागा पाण्याखाली होती. 2012 साली तो खडक सापडला. आजूबाजूच्या जागेत माणसाच्या वावराच्या सुमारे 8,000 वर्षांपूर्वीच्या खुणा मिळाल्या. क्लॅलम भाषा जन्मभाषा म्हणून बोलणारी शेवटची व्यक्ती, एक 103 वर्षांची वृद्धा, 2014 च्या फेब्रुवारीत वारली. शेवटचा सुरुंग उडायला तेव्हा सहा महिने बाकी होते.

यावरून प्रत्येक धरण पाडावे असा निष्कर्ष कोणी काढू नये. मजूर मंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला आकार दिला, तोही अमेरिकेतल्याच टेनेसी खोऱ्याचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून. पूर आणि दुष्काळ यांत भरडल्या जाणाऱ्या माणसाला त्यांतून वीज, पाणी आणि काम मिळावे ही त्यांची दृष्टी होती. एल्वाचे धरण त्या जातीचे नव्हते. धरण कोणासाठी, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे दोन प्रश्न प्रत्येक धरणाला वेगवेगळे विचारावे लागतात.

धरण पडल्यानंतरही भांडण संपले नाही. नदीत मासे लवकर वाढावेत म्हणून जमातीने मत्स्यबीज केंद्र चालवले, तर ‘रानटी’ माशांच्या शुद्धतेच्या नावाने काही संवर्धनवाद्यांनी 2012 साली न्यायालयात धाव घेतली. शुद्धतेची चिंता करणाऱ्यांची मासळी दुकानातून येते. ज्यांची नदीतून येत होती त्यांनी मासेमारी 2011 पासून स्वतः बंद ठेवली होती. 2023 च्या ऑक्टोबरात ती बंदी क्लॅलमांसाठी प्रथमच थोडीशी उठली. फक्त कोहो जातीचा सॅमन, मोजक्या संख्येने, घरच्या जेवणापुरता आणि सणापुरता. विक्रीसाठी नाही. मोठा चिनूक सॅमन तेव्हाही बंदच होता.