उपवास आणि मधुमेही

आषाढ लागला की आपल्याकडे उपवासांची मालिका सुरू होते. देवशयनी एकादशी, श्रावणी सोमवार, हरितालिका आणि पुढे नवरात्र. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा प्रश्न थोड्या घरांपुरता नाही. 'उपवास करू नका' एवढे सांगून तो सुटतही नाही. असे सांगितले की रुग्ण उपवास सोडत नाही. डॉक्टरांना सांगणे मात्र सोडतो.

उपवासाच्या दिवशी मधुमेही व्यक्तीकडून दोन परस्परविरुद्ध चुका होतात. काही जण नेहमीची गोळी किंवा इन्शुलिन घेतात आणि पोट मात्र रिकामे ठेवतात. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास लावतात. अन्न पोटात गेले नाही म्हणून त्यांचे काम थांबत नाही. रक्तातील साखर उतरत जाते. उलट काही जण 'आज जेवण नाही, मग गोळी कशाला?' असे म्हणून औषध बंद ठेवतात आणि दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी खातात. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण मधुमेहींच्या बाबतीत थट्टेची राहत नाही. साबुदाणा हे धान्य नव्हे. तो टॅपिओका या कंदाच्या पिठुळ सत्त्वापासून तयार होतो. त्यात प्रथिने व चोथा नाममात्र असल्याने साखर झपाट्याने चढते. बटाटा आणि रताळे त्यात भरच घालतात. खिचडीतील शेंगदाणे हाच काय तो तिचा गुणकारी भाग! त्याऐवजी ताक, दही, काकडी, मूठभर शेंगदाणे, राजगिऱ्याची भाकरी आणि बेताची भगर असा फराळ दिवसभरात थोडाथोडा घ्यावा. सोमवार सोडताना पानात गोड वाढण्याचा आग्रह यजमानांनीच टाळावा.

औषध किती व केव्हा घ्यावयाचे हे उपवासाच्या आधी, शक्यतो आठ-पंधरा दिवस अगोदर, डॉक्टरांकडून ठरवून घेतले पाहिजे. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याला साखर उतरण्याचा धोका कमी असतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या निर्जळी उपवासात घातक ठरू शकतात. बालपणापासून इन्शुलिनवर असलेले रुग्ण, गर्भवती स्त्रिया, मूत्रपिंडाचे विकार असलेले आणि वारंवार साखर उतरणारे यांनी कडक उपवास करूच नये. इन्शुलिन तर कोणीही आपल्या मनाने पूर्ण बंद करू नये. नवरात्राचे नऊ दिवस करण्याऐवजी पहिला व शेवटचा दिवस धरण्याची, म्हणजे 'उठता-बसता' करण्याची चाल आपल्याकडे आहेच. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रतभंग होत नाही, असे धर्मशास्त्रही सांगते. हे वाक्य गावातील कीर्तनकारांच्या तोंडून आले तर आमच्या लेखापेक्षा अधिक काम करील.

रमजानमध्ये स्थिती निराळी असते. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीही वर्ज्य आणि तेही सुमारे महिनाभर. आजारी व्यक्तीला कुराणाने रोजातून सवलत दिली आहे. रोजा ठेवावयाचाच असल्यास सहरी चुकवू नये व ती शक्य तितकी उशिरा घ्यावी. बोटातून रक्ताचा थेंब काढून तपासणी केल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक धर्मपंडित मानतात.

साखर उतरल्याची खूण ओळखणे घरच्यांना यावयास हवे. दरदरून घाम, हातांना कंप, धडधड, पुढे असंबद्ध बडबड. नवरात्रात ही बडबड 'अंगात आले' म्हणून पाहिली जाण्याची आणि रुग्णाला अंगारा लावून बसवून ठेवले जाण्याची भीती असते. अशा वेळी तपासणीची वाट न पाहता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी, मग खाण्यास द्यावे. त्या दिवसाचा उपवास तेथेच संपला. गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकत असल्याने साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून रुग्णाला एकटे सोडू नये व डॉक्टरांना दाखवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तपासणीचे साधन जवळ असल्यास साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली किंवा ३०० च्या वर दिसताच उपवास सोडावा.

आषाढापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घेता येईल. गावातील मधुमेहींची नावे आशा कार्यकर्तीकडे असतात आणि उपकेंद्रात साखर तपासण्याची सोय असते. एकादशीला देवळात फराळ वाटला जातो, तेथे खिचडीच्या पातेल्याशेजारी ताकाचा एक हंडा आणि साखरेचा एक डबा ठेवण्यास फारसा खर्च येत नाही.